साक्षीदार फुटतात, पुस्तक फुटत नाही

(शेवगावात तरुण मित्रमैत्रिणींपुढं केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलंय, चार-दोन जागी तेवढी दुरुस्ती केलीय.)



मला विषय दिलाय तो असा: भटकंती, प्रेम, स्वतःचा शोध आणि वयात येणं, यांवरची पुस्तकं. चिठ्ठी वाचली आणि मला हसू आलं. विषय चांगलाच आहे. पण हे चारही शब्द जगभरच्या पांढरपेशा साहित्यात इतके गोंजारलेत, की ते आपल्या दारात आले की ओळखू येत नाहीत. भटकंती म्हणलं की पाठीवर सॅक आणि डोंगर. प्रेम म्हणलं की पाऊस. स्वतःचा शोध म्हणलं की पोट भरल्यावर लागलेली तहान. आणि वयात येणं म्हंजे सोळावं वरीस.

आता हेच चार शब्द आपल्या तालुक्यात आणून ठेवा. दसरा झाला की शेवगाव-पाथर्डीच्या गावांतून ट्रक भरतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसं पोरंबाळं, भांडीकुंडी, शेळी, कोंबडी घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. माणसाचा हिशेब हत्यारानं होतो. ही भटकंतीच आहे ना? पण हिला कुणी भटकंती म्हणत नाही. सहा महिने कोपीत राहणारं पोरगं वयात कधी येतं? सात-आठ वर्षांचं असताना धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढं गोळा करतं तेव्हाच येतं. त्याला सोळाव्या वरसाची वाट बघायची सवड नसते.

म्हणून मी आज पुस्तकांबद्दल बोलणार आहे, पण ह्याच जमिनीवर उभं राहून. दुसरीकडून मला बोलता येत नाही.

मी स्वतः कोयत्याचंच पोर. बारावीला वसतिगृहात होतो. तिथल्या ग्रंथालयात, म्हंजे एका गंजलेल्या लोखंडी कपाटात, मला कव्हर फाटलेलं 'उपरा' सापडलं. लक्ष्मण माने यांचं. १९८० साली निघालेलं, १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं. मला पुरस्काराचं काही माहीत नव्हतं. मी ते दोन रात्रीत वाचलं आणि सुट्टीत आई-बाप ज्या फडावर होते तिथं घेऊन गेलो. रात्री कोपीत कंदिलाच्या उजेडात आईला वाचून दाखवलं. गाढवावर बिऱ्हाड, फोकाच्या टोपल्या, या गावातून उठ, त्या गावाबाहेर पाल टाक. आई मोळ्या वाहून दमलेली. ऐकत ऐकत म्हणाली, "ह्याच्यात नवं काय हाय रं? आपल्यावानीच की." मी हिरमुसलो. मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "त्याच्या आयनं लिव्हलंय का काही?"

ह्या प्रश्नाकडं मी शेवटी येणार आहे. तोवर तो लक्षात ठेवा.

आधी १९६३ सालाकडं चला. त्या एकाच वर्षी मराठीत दोन पुस्तकं आली. एक भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला'. दुसरं बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती'. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला कॉलेजात जातो, बापाचे पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो, धाकट्या बहिणीच्या मरणानं आतून मोडतो आणि परत गावी येतो. मराठीत तरुण पोराचं उखडलेपण असं आधी कुणी लिहिलं नव्हतं. मी ते पुस्तक मानतो. ज्यांना ते वाचायचंच नाही, त्यांच्यातला मी नाही. चांगलं वाचायला आपल्याला कुणाची बंदी नको, आपली स्वतःची तर मुळीच नको.

पण एक गोष्ट बघा. पांडुरंगाला परत यायला घर आहे. बाप कितीही कडक असला तरी वाडा आहे, शेत आहे, गावात नाव आहे. त्याचं हरवणं त्याच्या मालकीचं आहे.

आता बागुलांचा नायक. त्याच्या खिशात रेल्वेच्या नोकरीचा कागद आहे. परक्या गावात तो खोली शोधतो. जात विचारतात. तो सांगत नाही. आणि मग रोजचं जगणं म्हंजे चोरी. जेवताना चोरी, बोलताना चोरी, कुणी जीव लावला तर त्याच्या डोळ्यात बघतानाही चोरी. शेवटी जात उघडी पडते आणि मार पडतो. हा पोरगा स्वतःला शोधत नाही. तो कोण आहे हे दुसऱ्यांनी त्याच्या जन्माआधीच ठरवून ठेवलंय. त्याला ते लपवावं लागतंय.

तुम्ही म्हणाल, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीला लागलो तेव्हा पुण्यात खोली बघायला गेलो. घरमालक चांगला बोलला. नाव विचारलं. आडनावावरून त्याला अंदाज लागेना. मग गाव विचारलं. मग गावात घर कोणत्या अंगाला आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्यानं पाण्याचा तांब्या आणायला आत गेलेल्या पोराला आतच थांबवलं आणि म्हणाला, खोली कालच गेली. मला कुणी मारलं नाही. बागुलांनंतर एवढाच फरक पडला होता. आणि आत्ता इथं बसलेल्यांपैकी ज्यांनी शहरात खोली शोधलीय त्यांनी हात वर करा म्हणलं, तर किती हात येतील ते मला ठाऊक आहे.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेतला मार्क ट्वेन. त्याचं 'हकलबरी फिन' हे पुस्तक १८८४-८५ च्या सुमाराला आलं. जगातल्या भटकंतीच्या पुस्तकांत त्याचं नाव पहिल्या ओळीत घेतात. दारुड्या बापाला कंटाळून एक गोरा पोरगा पळतो. त्याच्याबरोबर जिम नावाचा काळा गुलाम. दोघं एकाच तराफ्यावर मिसिसिपी नदीतून चाललेत. पोराला मोकळं हुंदडायचंय. जिमला मालकीण विकणार आहे, म्हणून तो पळालाय. बायकापोरं मागं राहिलीत. तराफा एक, नदी एक, पण दोघांचा प्रवास एक नाही. पोरगा पकडला गेला तर घरी जाईल. जिम पकडला गेला तर बाजारात. आणि पुस्तकाचं नाव पोराचं आहे. जिमनं लिहिलं असतं तर ते पुस्तक कसं झालं असतं? मला वाटतं, आपल्याकडं १९७८ नंतर जे झालं ते हेच. जिमनं लेखणी हातात घेतली.

१९७८ साली 'बलुतं' आलं. दया पवार आपल्याच जिल्ह्याचे, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. ह्या जिल्ह्यात किती पोरांना हे शाळेत सांगितलं जातं? त्या पुस्तकात दोन माणसं आहेत. एक शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार, आणि दुसरा दगडू मारुती पवार. दगडू बोलतो आणि दया ऐकतो. एकाच देहात दोघं. एकाला दुसऱ्याची लाज वाटते आणि लाज वाटते म्हणून पुन्हा लाज वाटते. स्वतःचा शोध म्हणतात तो हा. मुंबईचा कावाखाना, गावचा महारवाडा, संगमनेरचं बोर्डिंग आणि बायकोवर घेतलेला संशय, सगळं त्यांनी मांडलं. स्वतःचा कमीपणासुद्धा झाकला नाही. तेव्हा आपल्याच काही शिकल्यासवरल्या लोकांनी त्यांना बोल लावले, की उकिरडा कशाला उकरता? शेजारच्या ब्लॉकमध्ये आपली जात कळेल ना! बागुलांच्या नायकाची चोरी आता ब्लॉकमध्ये राहायला आली होती.

मग रांग लागली. 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'गबाळ', 'अक्करमाशी', 'उचल्या'. शरणकुमार लिंबाळे यांची 'अक्करमाशी' १९८४ ची. आई महारीण, बाप पाटील. कागदावर बापाचं नाव काय लावायचं, इथून त्या पोराचं वयात येणं सुरू होतं. पुढं १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' आलं. त्यानं प्रश्नच उलटा केला. आईचं नाव लावलं आणि उभा राहिला. तमाशातल्या बाईचं ते पोर डॉक्टर झालं, आणि २००७ साली ऐन उमेदीत अपघातात गेलं.

आणि 'उचल्या', १९८७, लक्ष्मण गायकवाड. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढं तो आपल्याकडंही लागू केला. पोर जन्मलं की गुन्हेगार. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण पोलिसाची नजर गेली नाही. ज्या माणसाची ओळख ठाण्यातल्या वहीत आधीच लिहिलेली आहे, त्याला स्वतःचा शोध घे म्हणून सांगणारे तुम्ही कोण?

आता भटकंतीवर परत येतो. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढी आहे. कानिफनाथाची यात्रा. होळीपासून पाडव्यापर्यंत. तुम्ही सगळे गेलाय, रेवड्या खाल्ल्यात, गाढवांचा बाजार बघितलाय. अठरापगड भटके तिथं जमतात, वर्षातून एकदा नातीगोती भेटतात. आणि तिथंच वर्षानुवर्षं त्यांच्या जातपंचायती बसत आल्या. पोरीचं लगीन मोडायचं, जोडायचं, दंड लावायचा, वाळीत टाकायचं. 'उपरा'तला पोरगा शाळेत जातो तर गावची पोरं त्याला हिणवतात आणि जातीतले लोक त्याच्या बापाला बोल लावतात. मोठा होऊन तो मराठ्याच्या पोरीशी लग्न करतो तर दोन्हीकडची दारं बंद. गाव म्हणतं तू आमचा नाहीस. जात म्हणते तूही आमचा नाहीस. भटकंती, प्रेम, ओळख, वयात येणं, तुमच्या चिठ्ठीवरचे चारही शब्द त्या एका पुस्तकात आहेत आणि चारही जागी दंड भरावा लागलाय.

म्हणून जातपंचायतीबद्दल बोलताना आपण गुळमुळीत बोलायचं नाही. गावकीचा अन्याय तो अन्याय आणि आपल्या पंचांचा तो न्याय, असं चालणार नाही. सामाजिक बहिष्काराच्या विरोधात महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केला. तो कायदा भटक्यांच्या पोरापोरींच्या हातात आहे. वापरायचा.

आता प्रेमाकडं येतो. इथं माझा आवाज चढला तर माफ करा.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. कैकाड्याचा जब्या. वर्गातली गोरी पोरगी त्याला आवडते. बापाबरोबर गावभर डुकरं धरायची आणि तिनं बघू नये म्हणून जीव लपवायचा. मंजुळे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले. थेटरात लोक रडले, टाळ्या वाजल्या. शेवटी जब्या दगड मारतो तेव्हा सगळे गप्प झाले. आणि दोन महिन्यांनी, एप्रिल २०१४ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, सतरा वर्षांचा एक शाळकरी दलित पोरगा मारून टाकला. का? तर वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो म्हणून. त्याच्या आधी वर्षभर, जानेवारी २०१३ मध्ये, नेवासे तालुक्यात सोनईला मेहतर समाजाची तीन तरुण पोरं मारली. तिथंही मागं प्रेमच होतं. सोनई इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे.

सोनईच्या खटल्यात २०१८ साली नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. खर्ड्याच्या खटल्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. साक्षीदार फुटले. पोराला मारत नेताना ज्यांनी बघितलं असं आधी सांगितलं होतं, त्यांनी कोर्टात बघितलं नाही म्हणून सांगितलं. मी त्या साक्षीदारांना शिव्या देणार नाही. ज्या गावात उद्या राहायचंय, ज्याच्या शेतात मजुरीला जायचंय, तिथं खरं बोलायची किंमत काय असते हे मला कळतं. पण त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली, आणि तीच सांगायला मी आज आलोय.

माणूस साक्षीला उभा राहतो आणि फुटतो. त्याला भीती असते, पोट असतं, पोरी लग्नाच्या असतात. पुस्तक फुटत नाही. 'बलुतं' काढून बघा. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं झाली, त्यानं जबानी बदललेली नाही. 'उचल्या'नं बदललेली नाही. कुणीही पाटील, कुणीही फौजदार, कुणीही पंच त्याच्याकडून उलट बोलवून घेऊ शकला नाही. ह्या पुस्तकांना प्रस्थापित समीक्षकांनी रडगाणं म्हणलं, समाजशास्त्राचा कच्चा माल म्हणलं. म्हणू द्या. मी त्यांना साक्ष म्हणतो. शोभेच्या साहित्याला साक्ष द्यायची वेळ येत नाही, म्हणून त्याला कुणी उलटतपासणीला उभं करत नाही.

आता आईचा प्रश्न. त्याच्या आयनं लिव्हलंय का काही?

खरं सांगतो, तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. आपल्या ह्या पुस्तकांत आई आहे, खूप आहे. राबते, उपाशी राहते, मार खाते, पोराला शिकवते. पोरगा मोठा होऊन तिच्यावर चार भिजलेली पानं लिहितो. पण ती स्वतः काय म्हणते? बेबीताई कांबळे फलटणच्या. लिहायच्या ते नवऱ्यापासून लपवून. वीस-वीस वर्षं लपवून. पुढं ते 'जिणं आमुचं' म्हणून १९८६ साली पुस्तक झालं. विचार करा, ज्या बाईनं बाबासाहेबांचा शब्द ऐकून आयुष्य घडवलं, तिला बाबासाहेबांच्याच अनुयायाच्या घरात वही लपवावी लागली. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ चं. चळवळीच्या सगळ्यात मोठ्या कवीची बायको. तिनं घरातला विद्रोही कसा असतो ते लिहिलं. आपल्यातले किती जण ते पुस्तक वाचून अवघडले आणि किती जणांनी ते वाचलंच नाही? उर्मिला पवार यांचं 'आयदान' २००३ चं. आई सुपं-टोपल्या विणते आणि लेक लिहिते, आणि लेकीनं पुढं शिकायचं ठरवलं की घरातच कुरकुर सुरू होते.

ह्या बायकांनी आपल्या विरोधातही साक्ष दिलीय. ती ऐकून घेतली नाही तर खर्ड्याच्या निकालावर ओरडायचा आपला हक्क अर्धा होतो. पोरांनो, हे तुम्हाला टोचावं म्हणूनच म्हणतोय.

आणि कोयता? ऊसतोडीच्या माणसावर बातम्या आल्या, अहवाल आले, संपाच्या वाटाघाटी आल्या. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. पण पाळीच्या दिवसात खाडा पडू नये म्हणून बाई काय काय करते, कोपीत नवराबायको असणं म्हंजे काय, चौदाव्या वर्षी पोरीचं लगीन उरकतात कारण कोयता जुळवायचाय, आणि त्या पोरीला कुणी आवडत होतं की नाही, हे आतून लिहिलेलं फार थोडं आहे. हे प्रेमाचं, भटकंतीचं, वयात येण्याचं पुस्तक आपल्या तालुक्यात घराघरात पडलंय. लिहायला माणूस नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हाला लिहिता कुठं येतं. साहित्य करायला नका बसू. शंभर पानी वही घ्या. पट्टा पडून माणसं गावी आली की आईजवळ बसा, आजीजवळ बसा. ती बोलेल तसं लिहा. तिची भाषा शुद्ध करू नका. तिनं शिवी दिली तर शिवी लिहा. तारीख आठवत नसेल तर कोणत्या दुष्काळात, कोणत्या मुकादमाच्या हाताखाली, ते विचारा. मुकादमानं उचलीचा हिशेब कसा फिरवला ते आकड्यासकट लिहा. ज्या पोरी इथं बसल्यात त्यांनी तर आजच सुरू करावं, आणि वही लपवायची वेळ आली तर आमच्यापैकी कुणाकडं तरी ठेवायला द्यावी. बेबीताईंना ती सोय नव्हती.

आणि वाचा. पण एकट्यानं वाचून कपाटात ठेवू नका. मोठ्यानं वाचा, फडावर, पालावर, समाजमंदिरात. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नावासाठी आपणही सोळा वर्षं लढलो, औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळवलं, नावाची किंमत आपल्याला शिकवायला नको. पण पाटी बदलल्यानं साक्षीदाराची भीती जात नाही. ती घालवायची तर खरं बोलायची सवय लागावी लागते, आणि ती सवय घरातल्या वहीपासून लागते.

माझी आई आता नाही. तिची वही मी भरली नाही. नोकरी, बदल्या, बैठका, उद्या बसू, परवा बसू. मी आज दहा पुस्तकांची नावं तुम्हाला घडाघडा सांगितली, आणि जे पुस्तक फक्त मीच लिहून घेऊ शकत होतो ते गेलं. ही माझी कबुली समजा.

तुमच्या आया अजून आहेत. घरी जा आणि विचारा.

जयभीम.